जेसीबी आत्ता नको, आधी जमिनीवर एक पावसाळा काढा

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही डोंबिवलीला राहतो. कुडाळ तालुक्यात आमची ४६ आर वडिलोपार्जित जमीन आहे. वरच्या अंगाला कातळ, मध्ये उतार, खाली व्हाळ (ओढा). जुनं घर पडून वीस-बावीस वर्षं झाली. आता नुसतं जोतं (घराचा चौथरा) आणि विहीर उरली आहे. बाबा निवृत्त झालेत, त्यांना आणि आईला कायमचं गावी जायचं आहे. मी आणि भाऊ मुलांना घेऊन मे महिन्यात आणि गणपतीला जाऊ. सातबाऱ्यावर बाबा, काका आणि दोन आत्या अशी चार नावं आहेत, कोणाचीच हरकत नाही. ठेकेदाराने १८०० चौरस फुटांच्या दुमजली स्लॅबच्या घराचा नकाशा दिलाय. घर वर कातळाच्या कडेला, जिथून देखावा दिसतो तिथे. जेसीबीवाला आठवड्यात जागा सपाट करून देतो म्हणतो. पुढच्या वर्षीच्या गणपतीला गृहप्रवेश करायचा आहे. आत्ता मार्च चालू आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, दसऱ्यापर्यंत त्या जमिनीवर जेसीबी चढवू नका. सुरुवात तिथून करा.

मी सव्वीस वर्षं कुडाळ, सावंतवाडी, मालवण या पट्ट्यात घरं बांधतोय, आणि बिघडलेली घरं बघायलाही लोक मला बोलावतात. सिमेंट कमी पडलं म्हणून बिघडलेली घरं त्यात थोडी असतात. बाकीची जागा चुकल्यामुळे, पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे नाहीतर वाटेचा विचार न केल्यामुळे त्रास देतात. या गोष्टी एक तर भर पावसात दिसतात, नाहीतर मे महिन्यात. तुम्ही मार्चमध्ये विचारलंत हे फार बरं केलंत, कारण दोन्ही तुमच्या पुढ्यात आहेत. आणि थांबल्याने तुमची तारीख चुकत नाही. आपल्याकडे बांधकामाचा हंगाम दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत. ऑक्टोबरात काम लागलं आणि पंधरा मेच्या आत छप्पर चढलं, तर पुढच्या वर्षीचा गणपती नव्या घरात बसू शकतो. एप्रिलमध्ये घाई करून हातात काय येईल, तर चार महिने पावसात भिजणारा भराव.

या भरावाबद्दलच आधी बोलतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला घर दाखवायला नेलं. घर अवघं तीन वर्षांचं. पडवीत उभा राहिलो तर पडवी आणि घराची भिंत यांच्यामध्ये फट, माझी करंगळी सहज आत जाईल एवढी, आणि तिच्यातून मुंग्यांची रांग चाललेली. गवंड्याने दोनदा सिमेंट भरलं होतं, दोन्ही वेळा पुढच्या पावसात ते सुटून आलं. कारण जमिनीखाली होतं. घराचा मागचा अर्धा भाग कातळावर आणि पुढचा अर्धा भाग चार फूट भरावावर. कातळ हलत नाही, भराव दर पावसाळ्यात थोडा थोडा बसत जातो, आणि मधल्या रेषेवर घर फाटतं. शेवटी पडवी पाडली, पाया खालच्या कातळापर्यंत नेला आणि पुन्हा बांधली. त्या माणसाने जागा सपाट करण्यावर जेवढं घालवलं, त्याच्या कितीतरी पट ही दुरुस्ती झाली.

भराव घालायचाच तर नऊ नऊ इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. आठवड्यात सपाट करून देणारा जेसीबीवाला हे करत नाही. तो वरची माती ढकलून खाली लोटतो. आणि ती वरची माती म्हणजे तुमची खरी मत्ता. कातळाच्या जमिनीवर लाल माती कुठे फूटभर, कुठे दीड फूट असते. ती एकदा भरावाखाली गेली की आईने लावलेल्या अबोलीला आणि मिरचीलासुद्धा माती विकत आणावी लागते. उतार आहे तसा राहू द्या. जोत्याची मागची बाजू दीड फूट आणि पुढची साडेचार फूट असली तर काही बिघडत नाही, चिऱ्याचं, म्हणजे तांबड्या जांभा दगडाच्या ठोकळ्यांचं, जोतं त्यासाठीच असतं. अंगण हवं तर पुढे गडगा (दगडी बांध) घालून एक टप्पा करा, त्याखाली दुसरा टप्पा परसबागेला. आपल्या आज्यांनी डोंगरउतारावर मजग्या अशाच काढल्या.

आता जागा. तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द मला ‘जोतं’ वाटला. जुनं जोतं कुठे आहे ते बाबांबरोबर जाऊन नीट बघा. माझा अंदाज असा की ते व्हाळाच्या पुरापेक्षा बरंच वर, कातळापेक्षा बरंच खाली आणि विहिरीपासून हाकेच्या अंतरावर असेल. ज्यांनी ती जागा निवडली त्यांच्याकडे नकाशा नव्हता, पण त्यांनी तिथले पावसाळे बघितले होते. कातळाच्या कडेवरून देखावा दिसतो हे खरं, पण तिथे नैऋत्येचा वारा आडवा पाऊस घेऊन भिंतीवर आपटतो, झाडाचा आडोसा नसतो आणि पाणी वर चढवावं लागतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा माझ्या माहितीतल्या ज्या घरांचे पत्रे आणि कौलं गेली, त्यातली बरीचशी अशी उघड्या कडेवरची होती. देखावा बघायला वर एक दगडी बाक करा, संध्याकाळी चहा घेऊन जा. राहायला खाली.

पावसाळ्यात काय बघायचं ते सांगतो. जुलैच्या मध्यावर, चांगली झड लागली असताना, तिघा-चौघांनी जाऊन तीन दिवस गावात राहा. छत्री, गमबूट, बांबूच्या पन्नासेक खुंट्या आणि एक जुनी वही. वरच्या शेजाऱ्याच्या जमिनीतून पाणी तुमच्यात कुठून शिरतं, कुठून वाहतं, कुठे तुंबतं, व्हाळ कुठपर्यंत चढतो, त्या प्रत्येक ठिकाणी खुंटी. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी पुन्हा फिरा. तेव्हा दुसरं पाणी दिसतं, जमिनीतून पाझरणारं. जांभा सच्छिद्र असतो, वर पडलेलं पाणी त्यातून झिरपत खाली येतं आणि जिथे खालची चिकट माती लागते तिथून उपळ (झरा) फुटून बाहेर पडतं. उन्हाळ्यात ही जागा कोरडी ठणठणीत दिसते, तुम्ही हौसेने तिथे जोतं घालता, आणि मग जून ते सप्टेंबर घरातली फरशी घामेजलेली, कपाटातल्या साड्यांना बुरशी. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एक घर असं बांधलंय. मालकाने मला बोल लावला नाही, पण त्या घराच्या मागे चर खणून पाणी वळवेपर्यंत दोन पावसाळे मला झोप लागली नाही. तेव्हापासून खुंट्या मारल्याशिवाय मी आखणी करत नाही.

त्याच दिवसांत जुन्या जोत्याच्या आसपास तीन-चार ठिकाणी चार फुटांचे खड्डे घेऊन ठेवा. किती माती आहे, कातळ कधी लागतो, पाणी भरून राहतं की उतरतं, हे दिसेल. पाया किती खोल न्यायचा हे मग ठेकेदाराच्या अंदाजावर सोडायची गरज नाही.

हे झालं पावसाचं. त्याआधी मे येतोय, आणि तो विहिरीचा महिना. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर लागतो, यात नवल काही नाही. जमीन उताराची, जांभा पाणी धरत नाही, जे येतं ते समुद्राला जातं. म्हणून विहीर जुलैत तुडुंब दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. १ मे आणि २० मे या दोन दिवशी दोरीला दगड बांधून पाणी किती फूट आहे ते मोजा. मग भाड्याने पंप आणून बरोबर एक तास चालवा. पाणी किती उतरलं ते लिहा, आणि तेवढं परत चढायला किती तास लागले तेही लिहा. रात्रभरात चढलं तर तुम्ही सुखी आहात. दोन दिवस लागले तर विहीर बाबा आणि आईला पुरेल, पण मे महिन्यात आठ माणसं आणि बाग तिच्यावर चालणार नाही. वीस-बावीस वर्षं ती उपसलेली नाही, म्हणजे गाळ असणार; तो एप्रिलमध्येच काढून घ्या आणि मगच मोजा. गाळ काढताना आत उतरणाऱ्या माणसाआधी पेटता कंदील सोडून बघा. तो विझला तर कोणालाही उतरू देऊ नका. पडीक विहिरीत हवा कोंडलेली असते आणि माणसं जिवानिशी जातात. कंदील पेटता राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर तो धरायला दोन माणसं.

बोअर मारायचा सल्ला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी देईल. घाई नको. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्याने बंधन आहे. गावची नळपाणी योजनेची विहीर कुठे आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. आणि बोअर घेण्याआधी छपराकडे बघा. पागोळ्यांसकट १५०० चौरस फुटांचं छप्पर धरलं तर एका पावसाळ्यात त्यावर चार लाख लिटरच्या आसपास पाणी पडतं. चार माणसांना दिवसाला शंभर-शंभर लिटर, मध्य मार्च ते जूनचा पहिला आठवडा म्हणजे ऐंशी दिवस, हिशेब येतो ३२ हजार लिटरचा. तेरा फूट व्यासाची आणि आठ फूट उंचीची फेरोसिमेंटची टाकी तीस हजार लिटर धरते. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, मग टाकी भरायची, वरून घट्ट झाकण, उजेड आत जाता कामा नये. उरलेलं पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्ड्यात जिरवा. माझ्या हाताखालच्या गेल्या दहा-बारा घरांना मी ही टाकी घातली आहे आणि मे महिन्यात त्या घरांतून मला टँकरसाठी फोन येत नाहीत.

पाण्याबरोबर सांडपाणी. संडासाच्या टाकीचा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून पन्नास-साठ फुटांवर असावा असं पुस्तकात असतं. जांभ्यात मी शंभर फूट धरतो आणि तोही विहिरीच्या खालच्या अंगालाच, कारण या दगडातून पाणी कुठे निघेल याचा भरवसा नाही. शेजाऱ्याच्या विहिरीपासूनचं अंतरही मोजा. तुमच्या चाळीस-पन्नास गुंठ्यांच्या तुकड्यात हे अंतर बसवायला आधी विहीर, मग शोषखड्डा, मग घर अशा क्रमाने कागदावर जागा मांडावी लागते. ठेकेदाराच्या नकाशात घर मधोमध काढलेलं असतं आणि टाकी उरलेल्या कोपऱ्यात ढकललेली असते.

वाट. तुम्ही तिच्याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीत, म्हणून मला काळजी वाटते. डांबरी रस्त्यापासून तुमच्या हद्दीपर्यंत काय आहे? पाणंद (शेतवाट) असेल तर तिची रुंदी किती, आणि ती सरकारी नकाशावर आहे का? की शेजाऱ्याच्या बांधावरून आजवर चालत जाता? जमीन महसूल कायद्याच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात, पण ती शेतीसाठी. त्या वाटेवर घराची परवानगी आणि बँकेचं कर्ज उभं करायला गेलात तर अडाल. शेजारी आज गोड बोलतोय तोवर त्याच्याकडून वाटेचा हक्क रजिस्टर करून घ्या, बारा फूट तरी, आणि योग्य मोबदला देऊन. फुकट मागितलेली वाट पुढच्या पिढीत बंद होते. व्यवहाराच्या बाजूनेही बघा. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. ट्रक जोत्यापर्यंत आला नाही तर प्रत्येक चिरा, वाळूची प्रत्येक पाटी माणसाच्या डोक्यावरून जाणार, आणि ती मजुरी तुमच्या अंदाजपत्रकात नाही. विजेचंही तसंच. जवळचा पोल किती दूर आहे ते मोजा आणि महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा; मध्ये दोन पोल टाकावे लागले तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. पंपासाठी आणि बांधकामासाठी वीज आधी लागते, घर झाल्यावर नाही.

आता कागद. ‘कोणाचीच हरकत नाही’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते ऐकलं की मी थांबतो. आज हरकत नाही हे खरंच असेल, पण तोंडी आहे. आणि तुमच्या बाबतीत गणित बारकाईने करावं लागेल. ४६ आर चौघांत वाटले तर प्रत्येकी साडेअकरा आर, म्हणजे साधारण ११.४ गुंठे. तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ मध्ये जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे ठरलं. जमीन जिरायत असेल तर चार तुकडे अडतील. पण आत्यांनी आपला हिस्सा दोन्ही भावांच्या नावे हक्कसोडपत्राने सोडला, तर बाबांना २३ आणि काकांना २३ आर, म्हणजे प्रत्येकी २२.७ गुंठे, आणि ते वीसच्या वर जातं. मग तहसीलदारांपुढे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप, नाहीतर रजिस्टर्ड वाटपपत्र, त्याचा फेरफार, आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी. हातात ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) आली की मगच गडगा घाला. हक्कसोडपत्र रजिस्टर झालंच पाहिजे, साध्या कागदावर सही चालत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. आत्यांकडे सही मागायला जाताना ती एक औपचारिकता आहे असं समजून जाऊ नका. वडिलांच्या जमिनीत त्यांचा हक्क आहे आणि तो त्या सोडणार आहेत. बाबांनी स्वतः जावं, काय सोडताय ते स्पष्ट सांगावं, आणि त्या बदल्यात काही द्यायचं असेल तर ते द्यावं. मी बांधलेल्या एका घरात माडीवरची एक खोली आत्याची म्हणूनच ठेवली आहे. तिची गादी, तिची पेटी, आणि गणपतीला ती तिथेच उतरते. त्या घराच्या कागदावर कधी भांडण झालं नाही. काकांचंही आत्ताच विचारा, त्यांना त्यांच्या २३ आरात पुढे घर बांधायचं असेल तर विहीर सामाईक राहणार का, वाट कुठून जाणार. विहिरीचा आणि वाटेचा हक्क वाटपपत्रात शब्दांत लिहून घ्या.

सातबारा घेऊन बसाल तेव्हा वरची नावं वाचून थांबू नका. भोगवटादार वर्ग १ की २ (वर्ग २ च्या जमिनीच्या व्यवहाराला सरकारी परवानगी लागते), ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ कायदा कलम ४३ चा (कुळाला मिळालेल्या जमिनीच्या व्यवहारावरच्या बंधनाचा) शेरा आहे का, कोणा कुळाचं नाव राहिलंय का, ते बघा. आणि आपल्या जिल्ह्यात एक शेरा खास शोधावा लागतो: वनसंज्ञा, म्हणजे खाजगी जमीनही वन धरली जाणं. डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सिंधुदुर्गातल्या पुष्कळ खाजगी जमिनींवर हा प्रश्न येऊन बसला. तो तुमच्या गटाला लागला असेल तर बिनशेतीचा विचार आहे तिथेच थांबतो, म्हणून हे पहिल्या दिवशी तलाठ्याकडे विचारा, शेवटच्या दिवशी नाही. आंबा, फणस, ऐन, किंजळ यांतलं जुनं झाड आखणीत येत असेल तर तेही तोडायला परवानगी लागते. माझं मत विचाराल तर झाड ठेवा आणि आखणी सरकवा. पश्चिमेचा एक फणस उन्हाळ्यात दुपारचं घर सुसह्य ठेवतो.

बांधकामाच्या परवानगीसाठी जमीन गावठाणात आहे, गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे की बाहेर, यावर पुढचं सगळं ठरतं. आतमध्ये असेल आणि प्रादेशिक योजनेत विकासयोग्य विभागात असेल तर वाट सोपी असते. बाहेर शेती विभागात असेल तर नगररचना कार्यालयाकडून झोन दाखला काढून पुढचा विचार करावा लागेल. शेतघराचा पर्यायही असतो, पण त्याला ४० आरपेक्षा जास्त जमीन लागते, आणि वाटपानंतर बाबांकडे २३ आरच राहतात. म्हणजे वाटप आधी की परवानगी आधी, हा क्रम वकिलाला विचारून ठरवा. गेल्या काही वर्षांत हे नियम वारंवार बदललेत, तेव्हा गावातल्या कोणाच्या तीन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर जाऊ नका. कर्ज काढायचं असेल तर बँक बिनशेती आणि मंजूर नकाशा दोन्ही मागते. हे सगळे कागद एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत हलवा. तारीख लटकली तर ती इथे लटकेल, विटा-सिमेंटात नाही.

आता घर. १८०० चौरस फूट, दोन मजले, स्लॅब. ताई, बारा महिन्यांतले दहा महिने या घरात दोन माणसं राहणार आहेत, आणि ती साठीच्या पुढची आहेत. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या खोलीला आठवड्यात वास येतो, महिन्यात बुरशी येते. वरचा मजला आईला झाडावा लागेल, आणि दहा वर्षांनी तिला जिना चढवणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर एकच मजला बांधला असता: माजघर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि तिन्ही बाजूंनी आठ फुटी पडवी. आठशे-नऊशे चौरस फूट आत, पडवी वेगळी. आई-बाबांच्या खोलीला लागून संडास-बाथरूम, उंबरा नको, दार तीन फुटी. मे महिन्यात मुलं पडवीतच झोपतात, कुठल्याही घरात बघा. भावाला पुढे दोन खोल्या वाढवायच्या असतील तर पूर्वेची भिंत तशी सोडून ठेवता येते.

भिंती चिऱ्याच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर राहून कडक होतो, म्हणून खाणीतून आणून लगेच बांधायला लावू नका, महिना-दोन महिने रचून ठेवा. ऑक्टोबरात काम म्हणजे चिरा पावसाळा सरताच मागवायला हवा. निवडताना चिऱ्यावर चिरा हलकेच आपटून बघा; खणखणीत वाजतो तो घ्या, बद्द वाजतो आणि पिवळट मातीच्या पुळ्या दिसतात तो परत पाठवा. एकमजली घराला चिऱ्याच्या भारवाहक भिंती पुरतात, पण जोत्याच्या पातळीवर आणि दारं-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा घालाच, भूकंप आणि वारा दोन्हीसाठी. वाळवीचं औषध जोतं भरतानाच मारायचं, नंतर मारलेलं वरवरचं राहतं.

छप्पर उतरतंच हवं. कुडाळ ते बांदा रस्त्याने जाताना मोजा, किती स्लॅबच्या घरांवर नंतर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घातलाय. त्या प्रत्येक घराने छपराचे पैसे दोनदा दिलेत. सपाट स्लॅब आपल्या पावसात चौथ्या-पाचव्या वर्षी झिरपायला लागतो. लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) किंवा लाकडी वासे, त्यावर मंगलोरी कौलं, आणि पागोळ्या भिंतीपासून निदान तीन फूट बाहेर. भिंत भिजली नाही की निम्मी दुखणी येत नाहीत. वाऱ्यासाठी कैच्या भिंतीवरच्या पट्ट्यात बोल्टने जखडा आणि कडेच्या दोन ओळींची कौलं तारेने बांधा. वर्षाला मेमध्ये शाकारणी (कौलं काढून पुन्हा नीट लावणं) करावी लागेल, एक-दोन दिवसांचं काम. बाबांना ते माहीत आहे, तुम्ही काळजी करू नका.

ठेकेदाराचा दर चौरस फुटावर असतो, आणि त्यात फक्त घर असतं. वाट, गडगा, विहिरीचा गाळ, पाण्याची टाकी, विजेचे पोल, शोषखड्डा, मोजणी, वकील, हे सगळं बाहेर. घर लहान केल्याने जे वाचेल ते या यादीत जाईल, आणि जाऊ द्या.

एक काम मात्र याच मेमध्ये करून घ्या. जुन्या जोत्यापासून थोडं बाजूला एक मांगर, म्हणजे शेतावरचं साधं छोटं घर, दहा बाय वीस फुटांचा, चिऱ्याच्या भिंती आणि कौलं, बाजूला संडास. परवानगीचं आधी ग्रामपंचायतीत विचारा. पावसात बघायला जाल तेव्हा उतरायला जागा होईल, बांधकाम चालू असताना सिमेंट आणि हत्यारं राहतील, बाबांना देखरेखीला मुक्काम करता येईल, आणि पुढे तोच लाकूडफाटा आणि नारळ ठेवायला. काम अंगावर घेणारा गवंडी कसा आहे हेही या दोनशे चौरस फुटांत कळतं. मांगर वाकडा बांधणाऱ्याच्या हाती घर देऊ नका.

कागद उशिरा झाले आणि काम जानेवारीत लागलं, तर छपरापर्यंत जायचा अट्टहास करू नका. जोतं बांधा, मुरूम भरून चोपून घ्या आणि पावसात सोडा. जुने लोक जोत्याला एक पावसाळा खाऊ द्यायचे. त्यात भराव बसतो, कुठे खचतंय ते दिसतं, आणि दसऱ्याला वरचं काम बिनधास्त चढतं. अर्ध्या भिंती उघड्यावर भिजवण्यापेक्षा गणपती एक वर्ष मांगरात बसवलेला बरा.

या आठवड्यात तलाठ्याकडून ताजा सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार काढा, आणि जेसीबीवाल्याला नाही म्हणून कळवा. २० मेला विहिरीत दोरी सोडाल तेव्हा बाबांना काठावर उभं करा. त्यांच्या लहानपणी मे महिन्यात पाणी कितव्या पायरीला असायचं ते त्यांना नक्की आठवत असेल. तो आकडा आणि तुमचा आकडा दोन्ही मला कळवा, टाकी किती मोठी घ्यायची ते त्यावरून सांगतो.